मेंढ्यांच्या ॲपला भाषा कुठली?

"भाषा निवडायची म्हणजे काय डोंगर उचलायचाय? हा चहा निवायच्या आत निवडतो!"

चेचेप सोबांदीनं अशी घोषणा केली तेव्हा इंडोनेशियातल्या बांडुंग शहरातल्या त्यांच्या एका खोलीच्या कचेरीत ऐकायला एकटा पामुजी होता. चहा निवला. त्यात माशी पडली. कप विसळला गेला, नवा चहा आला, तोही निवला. असे किती चहा निवले म्हणता? जवळजवळ महिनाभराचे!

चेचेप आणि पामुजी, दोघांची मिळून कंपनी. मोबाइलची ॲप बनवायची. बोलायचं काम चेचेपचं आणि करायचं काम पामुजीचं, अशी न बोलता झालेली वाटणी. आजवर त्यांनी एकच ॲप बनवलं होतं, गल्लीतल्या लॉन्ड्रीचं. कपडे तयार आहेत की नाहीत, ते त्यात कळायचं. ते कायम ‘तयार आहेत’ असंच सांगायचं, त्यामुळे लॉन्ड्रीवाला यांना बघितलं की शटर ओढून घ्यायचा.

आणि आता मात्र खरं काम आलं होतं! गारुतच्या मेंढा-पालक संघाचं! गारुतचे मेंढे तुम्ही पाहिले नसतील तर सांगतो, डोक्याच्या दोन्ही बाजूंना ट्रॅक्टरची टायरं बसवल्यासारखी शिंगं आणि चाल अशी, की सगळा डोंगर आपल्याच नावावर आहे. त्या मेंढ्यांचे फोटो, वय, कुळ, बाप कोण, आजा कोण, सगळं मोबाइलवर टाकायचं आणि लांबलांबच्या गिऱ्हाइकांनी ते बघायचं, अशी संघाची कल्पना. हे काम हातचं गेलं तर चेचेपच्या सासऱ्यानं त्याची सोय आधीच लावून ठेवली होती. सासऱ्याचं गारुतला दोदोलचं दुकान. दोदोल म्हणजे नारळाच्या दुधातला चिकट हलवा. तो दिवसभर ढवळावा लागतो. "ये तू, ये," सासरा दर सणाला म्हणायचा, "डाव तयारच आहे."

तर भाषा. कॉम्प्युटरला हुकूम सोडायच्याही भाषा असतात आणि ॲप लिहायला बसण्याआधी त्यातली एक धरावी लागते.

"जावा," पामुजी पहिल्याच दिवशी म्हणाला होता. "मेंढपाळांचे फोन जुने आहेत कांग. त्यांच्यावर जावा निमूटपणे चालते. मला ती चांगली येते. पाऊस थांबायच्या आत उरकतो."

"जावा!" कुणी कालचा आंबलेला भात वाढावा तसं चेचेपनं तोंड केलं. "जग कुठं चाललंय मास, आणि तू कुठं बसलायस! कोटलिन! आता सगळे कोटलिनमध्ये लिहितात. जावात जे सांगायला पानभर लागतं ते तिच्यात दोन ओळींत!"

"हो, कांग," पामुजी म्हणाला. कांग काय किंवा मास काय, दोन्हीचा अर्थ दादाच; एक इकडचा, एक पामुजीच्या गावाकडचा.

पामुजी मूळचा पूर्वेकडच्या सोलोचा. तिकडची माणसं ‘हो’ म्हणतात तेव्हा त्याचा अर्थ ‘हो’, ‘बघू’ किंवा ‘मेलो तरी नाही’, यांपैकी काहीही असू शकतो.

पुढल्या आठवड्यात चेचेप धापा टाकत जिना चढून आला. "कोटलिन सोड! डार्ट! रात्री व्हिडिओ बघितला. एकदा लिहा, दोन्ही प्रकारच्या फोनवर चालवा! एका दगडात दोन मेंढे!"

"हो, कांग."

त्याच्या पुढल्या आठवड्यात स्विफ्ट. "श्रीमंत लोकांच्या फोनवर तीच चालते!"

"पण आपले मेंढपाळ..."

"होतील की श्रीमंत! ॲप आल्यावर!"

पामुजी दर वेळी ‘हो कांग’ म्हणायचा आणि खिडकीतून बाहेर बघायचा. चेचेपला वाटायचं, हा विचार करतोय. खरं तर तो खाली बाला-बाला तळणाऱ्या गाडीकडं बघत असायचा. बाला-बाला म्हणजे कोबीची भजी. चेचेप नव्या भाषेचं कौतुक सांगण्यात रंगला की पामुजी ती बालाबालाच संपवायचा.

शेवटी संघाचे अध्यक्ष अबाह ओमोन यांचाच फोन आला. अबाह म्हणजे आपले आबाच म्हणा ना. गारुतच्या शाळेत त्यांनी उभा जन्म सुंदा भाषा शिकवली होती. निवृत्त झाल्यावर पोरांऐवजी मेंढे वाढवायला घेतले. मेंढे जास्त लक्ष देतात, असं ते म्हणत.

"काय रे चेप, कुठवर आलं आमचं?"

चेचेपच्या डोळ्यांपुढं दोदोलची कढई उकळली. "उद्याच ठरतंय, अबाह! म्हणजे आजच! आत्ताच!" त्यानं फोनवर हात ठेवला. "मास! लवकर! काय ते एक सांग!"

"जावा," पामुजी म्हणाला.

"जावा तर जावा!" आणि एकदा निर्णय झाला म्हटल्यावर चेचेपला असा काही जोम चढला, की जणू हे पहिल्यापासून त्याचंच म्हणणं होतं! "अबाह! भाषा ठरली! जावा!"

पलीकडून अबाहनी हळूच विचारलं, "जावा? ती कशाला, बाळा?"

इथं एक सांगायला हवं. हे सगळं गाव, डोंगर, मेंढे जावा बेटावरच आहेत. पण बेटाच्या पश्चिमेकडची ही माणसं सुंदा, त्यांची भाषा सुंदा. पूर्वेकडं निघालं की ती ‘जावाला चाललो’ म्हणतात, जसं काही मध्ये समुद्र लागतो! पूर्वेकडच्या जावा लोकांची भाषा वेगळी, लिपी वेगळी, आणि मानापमानाची जुनी गाणी दोन्हीकडं वेगवेगळी. अबाहना कॉम्प्युटरची भाषा हा प्रकार ठाऊक नव्हता. त्यांना ठाऊक होती ती शेजाऱ्यांची जावा.

"अहो, भरवशाची आहे!" चेचेप उत्साहानं सांगू लागला. "जुनी आहे. आणि आमच्या पामुजीला तर दुसरी कुठली धडपणे येतही नाही."

"आणि सुंदा?"

चेचेपला वाटलं, अबाह थट्टा करतायत. तो खदखदून हसला. "सुंदा! काय पण अबाह! सुंदात कोण ॲप लिहितं? कुणी हसलं तर काय करू?"

"बरं," अबाह म्हणाले. "रविवारी मेंढ्यांची स्पर्धा आहे. सगळे सभासद येतील. तू ये आणि हेच सगळ्यांसमोर सांग."

"आनंदानं!" चेचेप म्हणाला, आणि फोन ठेवून पामुजीला मिठी मारली. "आवाज ऐकलास अबाहचा? गहिवरलेत!"

गहिवरले नव्हते. संध्याकाळपर्यंत अर्ध्या गारुतला कळलं, की बांडुंगच्या पोरानं मेंढ्यांचं ॲप जावा भाषेत करायचं ठरवलंय. दुसऱ्या दिवशी कळलं, की मेंढा विकायचा तर जावा भाषेची परीक्षा द्यावी लागणार. तिसऱ्या दिवशी कळलं, की मेंढ्यांची नावंही बदलणार! एका म्हाताऱ्यानं आपल्या मेंढ्याला गोठ्यात आतल्या बाजूला नेऊन बांधलं.

संघात तट पडले. अबाहचा तट म्हणत होता, मेंढे आमचे, भाषा आमची! दुसरा तट बू एन्तिन यांचा. या बाई पेंड विकायच्या आणि धोरणी होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, पूर्वेकडं केवढं गिऱ्हाईक आहे! त्यांच्या भाषेत गोड बोललं तर चार मेंढे जास्त जातील की नाही? रुसताय काय, शिका!" आणि त्यांनी लगेच बाजारातल्या मास वागिमानला गाठलं. हा बाक्सोवाला, म्हणजे मटणाच्या गोळ्यांचं गरम सूप विकणारा, मूळ पूर्वेकडचा. शिकवणी सुरू झाली! पाठ म्हणायचा, मग एकेक वाडगा सूप प्यायचं. वागिमानचा माल दुपारीच संपू लागला. जो कच्चा राहील त्याला तो दुसऱ्या दिवशी परत बोलवायचा, आणि गंमत म्हणजे सगळेच कच्चे राहायचे.

रविवारी चेचेप आणि पामुजी स्कूटरवरून गारुतला पोचले. मैदानावर ही गर्दी! मेंढ्यांना अंघोळी घातलेल्या, शिंगांना तेल लावलेलं, ढोल वाजतायत, सनई वाजतेय. आणि मंडपावर मोठ्या अक्षरांत फलक: ‘आमचा मेंढा, आमची भाषा!’

चेचेपच्या अंगावर काटा आला. "मास! बघ, बघ! भाषेचा केवढा विचार करतायत लोक! बांडुंगमध्ये इंजिनिअरसुद्धा एवढा करत नाहीत!"

पामुजीनं फलक दोनदा वाचला. "कांग, मला वाटतं आपण एकदा आधी..."

"घाबरू नकोस! मी बोलतो!"

"त्याचीच भीती वाटते," पामुजी म्हणाला, पण अगदी हळू.

तेवढ्यात झाडाखालून बू एन्तिन आणि दहाबारा बायका लगबगीनं आल्या आणि पामुजीपुढं कमरेत वाकून एका सुरात ओरडल्या, "सुगेंग एन्जिंग!" जावा भाषेत सुप्रभात! दुपार झाली होती, पण पाठ तेवढाच झाला होता. पामुजीला गावाकडची आई आठवली, त्याचे डोळे भरून आले, आणि तो काही विचारणार एवढ्यात चेचेप व्यासपीठावर चढलासुद्धा!

माइक हातात आला की चेचेपला आवरणं कठीण. "बंधू-भगिनींनो! जावा का? तर ऐका! जगातल्या मोठमोठ्या बँका जावावर चालतात!"

मंडपात कुजबुज. अबाहच्या कपाळाला आठी. "बँका? जावावर?"

"हो! अमेरिकेत कॉलेजातली पोरं जावा शिकतात! परीक्षा देतात!"

"अमेरिकेत!" बू एन्तिन उठून उभ्या राहिल्या. "ऐकलंत? मी काय म्हणत होते?"

अबाह काठी टेकत उठले. "आणि सुंदा? अमेरिकेतल्या कॉलेजात सुंदा शिकवतात का रे?"

"सुंदा नाही शिकवत, अबाह! शिकून करणार काय?"

झालं! मंडपावर वीज पडावी तसा गलका! एकानं टोपी फेकली. एकानं दुसऱ्याची टोपी फेकली. "खाली उतरव त्याला!" "आमच्या भाषेत काय वाईट आहे?" "गारुतचा जावई असून असं बोलतो!" मागच्या रांगेत चेचेपचा सासरा होता. तो कुणाला तरी सांगत होता, "माझा नाही हो, लांबचा आहे."

चेचेप गोंधळला. यांना जावा आवडत नाही एवढं त्याला कळलं, का ते कळेना. जुनी म्हणून असेल! त्यानं ताबडतोब माघार घेतली. "बरं, बरं! जावा नको! कोटलिन घेऊ!"

गलका जरा थांबला. "ही कुठली?"

"रशियाकडची! तिथल्या एका बेटाचं नाव आहे!"

"रशियन!" एक म्हातारा छाती धरून खाली बसला. "शेजाऱ्यांची नको म्हटलं तर रशियन आणतोय!"

"मग पायथन!"

"अजगर? मेंढ्यांच्या ॲपमध्ये अजगर?"

"मग जावास्क्रिप्ट!"

"पुन्हा जावा!"

"नाही नाही! ती वेगळी! नुसतं नाव सारखं!"

"स्क्रिप्ट म्हणजे लिपी ना रे?" अबाह गरजले. "म्हणजे लिपीसुद्धा त्यांचीच?"

चेचेपनं घामेजल्या हातांनी माइक तोंडाजवळ नेला तशी कर्ण्यातून एक अशी किंकाळी निघाली, की ढोलवाल्यांनी कान झाकले. शेजारीच अबाहचा लाडका मेंढा बांधलेला होता, गुलुदुग. गुलुदुग म्हणजे ढगांचा गडगडाट, आणि तो नावाला जागला! दावं तुटलं. तो चार पावलं मागं सरला, मान खाली घातली, आणि त्या किंचाळणाऱ्या कर्ण्याला अशी काही धडक दिली, की कर्णा मंडपाच्या कापडातून आरपार शेजारच्या मक्यात!

एकदम शांतता झाली. पामुजीचा आवाज ऐकू यायला एवढी शांतता लागतेच.

"अबाह," तो व्यासपीठाच्या खालूनच म्हणाला. तो सुंदात बोलत होता! स्वच्छ, मोठ्यांशी बोलायच्या अदबीच्या सुंदात. लोक वळून बघायला लागले. "अबाह, ही जावा माझ्या गावची नाही. माझ्या आईला तिच्यातलं एक अक्षर कळणार नाही. फोनला कामाला लावायचं तर त्याला काहीतरी हुकूम द्यावे लागतात, त्या हुकमांना जावा म्हणतात. ते माझ्यात आणि फोनमध्येच राहतं. तुम्हाला पडद्यावर दिसतील ते शब्द सुंदाच असतील. मी पहिल्यापासून तेच धरून चाललोय."

अबाहनी त्याच्याकडं बराच वेळ बघितलं. मग चेचेपकडं बघितलं. चेचेपच्या चेहऱ्यावर आता कुठं उजाडत होतं, आणि उजाडताना जे दिसत होतं ते त्याला बघवत नव्हतं.

"मग तिचं नाव जावा का ठेवलं?" अबाहनी विचारलं.

"ती करणाऱ्यांना कॉफी आवडायची म्हणतात. आपल्या बेटावरची कॉफी."

"आपल्या बेटावरची?" अबाहची काठी जमिनीवर आपटली. "अरे, पहिल्यांदा कॉफी पिकली ती आपल्या सुंदाच्या डोंगरात! त्यांच्या नव्हे! म्हणजे त्या अमेरिकन लोकांनी नावच चुकीचं ठेवलं! तिचं खरं नाव सुंदा!"

मंडपात हास्याचा आणि टाळ्यांचा पूर लोटला. बू एन्तिननी वागिमानकडं बघून खांदे उडवले. वागिमाननं आपल्या पातेल्याकडं बघून सुस्कारा सोडला.

चेचेप खाली उतरून अबाहपुढं उभा राहिला. हात जोडले. बोलायला तोंड उघडलं, पण आयुष्यात प्रथमच त्यातून काही निघेना.

"बस इथं," अबाह म्हणाले. त्यांनी त्याला शेजारी बसवून घेतलं. "माझी नातवंडं बांडुंगला असतात, चेप. फोन करतात. ‘अबाह’ एवढं एक सुंदात म्हणतात, पुढचं सगळं इंडोनेशियन. चुकत नाही त्यांचं, शाळाच तशी. पण दिवसभर फोनमध्ये डोकं घालून असतात ना, म्हटलं, त्या फोनमध्ये तरी आपले शब्द भेटू देत. मेंढे विकायला मला ॲप नको होतं रे. माझे मेंढे असेही विकले जातात."

"दिसतील शब्द, अबाह," चेचेप म्हणाला. "एकेक शब्द दिसेल." आणि हे त्यानं अगदी हळू म्हटलं, पामुजीसारखं.

इथं गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण पामुजीनं एक साधा प्रश्न विचारला. "अबाह, सुंदा घ्यायची, पण कुठली? अदबीची की घरगुती?"

काय सांगू! पहिलं भांडण म्हणजे बारसं वाटावं असं भांडण लागलं! कारण सुंदात नुसतं ‘खाणं’ नसतं. वडीलधारे खातात तेव्हा एक शब्द, आपण खातो तेव्हा दुसरा, जनावर खातं तेव्हा तिसरा.

"मेंढा जनावर आहे. जनावराचा शब्द घाला," बू एन्तिन म्हणाल्या.

"माझा मेंढा जनावर?" एक मालक उसळला. "तीन वेळा पहिला आलाय! तुमच्या घरात कोण आलंय पहिलं?"

"मग काय, तो ‘भोजन करतो’ म्हणायचं?"

"करतोच मुळी!"

संध्याकाळ झाली तेव्हा तोडगा निघाला. स्पर्धा जिंकलेला मेंढा ‘भोजन करेल’, बाकीचे ‘चरतील’. पामुजीनं मान डोलावली आणि ॲपमध्ये तशी अटच घालून ठेवली. मेंढा हरला, की त्याचं भोजन आपोआप बंद!

पाऊस थांबायच्या आत ॲप खरंच तयार झालं. आणि सुरेख झालं! अबाह एकेक शब्द बोटानं वाचत गेले, कुठं एखादं अक्षर सुधारलं, आणि नातवंडांना फोन करून प्रत्येकाला ते घ्यायला लावलं. धाकट्या नातीनं विचारलं, "अबाह, हा मेंढा भोजन करतो आणि तो चरतो, असं का?" मग अबाह तिला फोनवर तासभर शिकवत बसले. चेचेप हे बघत होता आणि त्याला उगाचच नाक शिंकरावंसं वाटत होतं.

त्याच वेळी पहिलं गिऱ्हाईक आलं. समुद्रापलीकडं जाऊन राहिलेला कुणी एक सुंदा माणूस. गुलुदुगच्या मुलाचा फोटो ॲपवर बघून त्यानं सरळ फोनच लावला. "सगळं छान लिहिलंय," तो म्हणाला, "पण मेंढ्याचा आवाज ऐकवा. आवाजावरून छाती कळते." अबाहनी फोन गोठ्यात नेऊन मेंढ्याच्या तोंडाशी धरला. मेंढ्यानं पोटातून एक "बेंऽऽ" दिला. "ठरलं!" पलीकडून आवाज आला.

गोठ्यात आरडाओरडा, मिठ्या, दोदोलचे डबे! सासऱ्यानं तर चारचौघांत ‘हा माझा जावई’ असंही म्हणून टाकलं. आणि त्या गोंधळात चेचेपच्या डोळ्यांत ती जुनी चमक आली.

"मास!" तो पामुजीचा दंड धरून ओरडला. "आवाज! मेंढ्यांचा आवाज ॲपमध्ये! एक बटण दाबलं की बेंऽऽ! पण हे असं ठिगळ लावून नको! सगळं पुन्हा पहिल्यापासून लिहू! नव्या भाषेत! रात्रीच एक व्हिडिओ बघितलाय मी..."

पामुजीनं हातातला दोदोलचा तुकडा शांतपणे खाली ठेवला. हात पुसले. आणि ज्यानं आजवर ‘हो कांग’ यापलीकडं कुणाला काही ऐकवलं नव्हतं, त्या पामुजीनं तोंड उघडलं ते थेट आपल्या गावच्या भाषेत. खऱ्या जावा भाषेत! मेंढे गप्प झाले. ओळींवर ओळी, दम न घेता, गोठ्याचं छप्पर थरथरेपर्यंत!

चेचेपला त्या भाषेतला एक शब्दसुद्धा येत नाही. पण त्या दिवशी त्याला सगळं समजलं. अगदी सगळं!